बेगमच्या पाठीवरची होडी

साडूभाऊ, तुमची बेगम परत आली. पंचनामा झाल्यापासून ती पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती. तुमच्या पोरानं, अमोलनं, खेटे घालून ती सोडवली आणि चितेगावच्या तुमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आणली. तुमच्या बाजूचं दार चेपून आत गेलं होतं, ते काढून त्यानं भंगारातलं दुसरं बसवलं. निळ्या पिकपला पांढरं दार. तुम्ही असतात तर हातातला चहा तसाच ठेवून रंगाचा डबा शोधायला उठला असतात. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला गाडीचा राग आला. लोखंडाचा कधी राग येतो का माणसाला? मला आला. तुम्ही गेलात, आणि ही किल्ली फिरवल्याबरोबर सुरू झाली.

लोक अजून भेटायला येतात. तुमच्या घरी अक्कांसमोर बसतात आणि म्हणतात, ब्रेक गेला असेल, समोर जनावर आलं असेल, वेळच तशी होती. अक्का मान हलवतात. मी कोपऱ्यात कप धरून ऐकतो, ओठांवर आलेलं गिळतो. तुमचा जीव कशानं गेला ते मला ठाऊक आहे. तुमच्या शेजारी बसून मी तुम्हाला ते कितीदा तरी सांगितलं होतं. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं. समोर असताना तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायचा नाहीत. आता ऐकाल.

आपल्या बायका, तुमच्या अक्का आणि माझी सुनंदा, सख्ख्या बहिणी, म्हणून आपण साडू. एरवी आपला काय संबंध होता? तुम्ही देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचे, हाताला लोखंडाचा वास, आवाज शिवारभर जाणारा. मी उस्मानपुऱ्यात चष्म्याचं दुकान टाकून बसलेला, हळू बोलणारा, उन्हात डोकं दुखणारा. माझ्या लग्नाच्या मांडवातच तुम्ही मला 'चष्मेवाले' म्हणालात, आणि त्यानंतर माझं खरं नाव तुमच्या तोंडून मी ऐकलंच नाही. सासुरवाडीत जावयांच्या पंगतीत तुम्ही माझ्या ताटातली पुरणपोळी उचलायचात आणि वर सासूबाईंना सांगायचात, "यांना लई गोड चालत नाय, डोळे बिघडतात." सगळे हसायचे. मी चिडायचो. आता त्या पंगतीत माझी पोळी माझ्याच ताटात राहणार आहे, आणि ती घशाखाली कशी उतरायची ते मला कळत नाही.

होड्यांचं वेड तुम्हाला कुठून लागलं? समुद्र पाहिला तो लग्नानंतर, तोही लांबून. पण नाथसागर धरणावरच्या मासेमारांना लोखंडी होडी हवी होती, तुमच्याकडे वेल्डिंगचं मशीन होतं, आणि तुम्हाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. चितेगावच्या शेडमध्ये कारखान्यांच्या रांगेत तुमची एकच होडी उलटी ठेवलेली दिसायची. कामावर जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. होडी तयार झाली की तुम्हीच केलेल्या ट्रेलरवर ती चढायची, ट्रेलर बेगमच्या मागं अडकायचा, आणि मला फोन यायचा, "चष्मेवाले, निघा. पाण्यावर जायचंय." सुनंदा म्हणायची, तुमचा भाऊ बोलावतोय. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून निघायचो. खरं सांगू? आठवडाभर मी त्या फोनची वाट बघायचो.

बेगम हे नाव तुमच्या वडिलांचं. सरकारी लिलावात घेतलेली ती हलकी पिकप, आपल्या दोघांच्या लग्नाआधीची. चार पोती टाकली की मागच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरायचे. वडील म्हणायचे, हिला जपून वागवायचं, ही कुणापुढं झुकत नाही. तुम्ही ते मनावर घेतलंत. त्या गाडीचं मागचं अंग ओझ्यानं खाली बसलेलं तुम्हाला बघवायचं नाही. दुसऱ्या कुणाची गाडी बसलेली दिसली तरी तुम्ही चुकचुकायचात.

आणि ट्रेलर भरायची तुमची रीत. ती तर वडिलांच्या बैलगाडीतून आलेली. लहानपणी तुम्ही त्यांना गाडी भरताना बघितलेलं. बैलांच्या मानेवर भार येऊ नये म्हणून ते ओझं जरा मागं सरकवायचे, इतकं की जू मानेला नुसतं टेकावं. मुक्या जनावराची दया. तुम्ही तीच दया बेगमला दाखवलीत. होडी ट्रेलरवर मागं सरकवायची, इंजिन मागं, नांगर मागं, दोरांची वेटोळी मागं. मग तुम्ही पुढं यायचात, बाह्या सारायचात आणि ट्रेलरची गाडीला अडकवायची दांडी एका हातानं उचलून दाखवायचात. "बघा चष्मेवाले, फुलावाणी हाय. बेगमला कळणार पण नाय मागं काय बांधलंय." सत्तारभाई, तुमचे शेडमधले जुने भागीदार, हसून टाळी द्यायचे. मीसुद्धा पहिल्या खेपेला टाळी दिली होती.

मग मला आरशात होडी दिसली.

डावीकडे मी बसायचो, आणि मला आरसा सरळ करायची खोड, धंद्याचीच. माझ्या बाजूच्या आरशात रस्ता दिसायला हवा. त्या दिवशी बिडकीन मागं पडलं आणि रस्त्याच्या जागी होडीचा गाल दिसला. हळूच आला, थोडा थांबला आणि गेला. मग तुमच्या बाजूला गेला असणार, कारण तुम्ही आरशात एक नजर टाकलीत. परत माझ्याकडे आला. मागून कुणीतरी डोकावून बघावं, पुढं किती जण बसलेत ते मोजावं, तसं वाटलं. तुम्ही गाणं गुणगुणत होतात. तुम्ही पाय उचललात, वेग कमी झाला, होडी आरशातून गेली. "बघा, शांत झाली," तुम्ही म्हणालात, आडदांड पोराचं कौतुक करावं तसं.

त्यानंतर प्रत्येक खेपेला ती आली. मी बोललो की तुमचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही मागं कशाला बघता? पुढं बघा की." मी म्हणायचो, साडूभाऊ, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक तरी बसवा. तुम्ही म्हणायचात, "बैलगाडीला कुठं ब्रेक असतात?" मी म्हणायचो, बैल चालतो, ही गाडी पळते. चाक पळायला लागलं की मागचं वजन डावं-उजवं झोके घेतं, आणि दांडी इतकी हलकी असली की त्याला धरून ठेवायला पुढं काहीच नसतं. तुम्ही माझ्याकडे मायेनं बघायचात, घाबरट पाहुण्याकडे बघावं तसं, आणि विचारायचात, "चहा घ्यायचा का?"

एकदा, एकदाच, मी तुम्हाला जवळजवळ पटवलं होतं. त्या खेपेला मासेमारांची जाळी आणि सिमेंटची पोती न्यायची होती. ती मागं मावली नाहीत, म्हणून होडीच्या नाकाशी टाकली. दांडी तुम्हाला दोन्ही हातांनी उचलेना. बेगम मागून खाली बसली आणि तिचं तोंड वर झालं. तुमचा चेहराच उतरला. पण त्या दिवशी आरशात होडी आली नाही. सबंध वाटेत एकदाही नाही. मी हरखून तुम्हाला दाखवत होतो, हा बघा रस्ता, नुसता रस्ता! तेवढ्यात चहाच्या टपरीवर एक जण ओरडला, "ओ, गाडी बसली तुमची! म्हातारीला झेपंना व्हय?" टपरीवरचे सगळे हसले. तुम्ही चहा न पिता निघालात. पुढच्या खेपेला इंजिन परत मागं गेलं होतं, आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "वडिलांची गाडी हाय. तिचं हसं नाय करायचं."

पूर्वीच्या रस्त्यानं आपल्याला सांभाळलं, साडूभाऊ. खड्डे इतके होते की वेग घेताच यायचा नाही. आपण त्या खड्ड्यांना शिव्या दिल्या. मग रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. तुम्ही पहिल्यांदा त्यावरून गेलात तेव्हा फोन करून सांगितलंत, "लोणी हाय लोणी! बेगम कशी धावते बघायला या." मला त्या फोनवर आनंद झाला नाही. मी म्हटलं, हळू चालवा. तुम्ही फोन ठेवून दिलात.

त्याच सुमारास तुम्ही ती शेवटची होडी करायला घेतलीत. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी, जाड पत्र्याची, मोठं इंजिन लागणारी. शेडमध्ये ती सुलटी केली तेव्हा मी तिथं होतो. उजेड अडला इतकी उंच. सत्तारभाईंनी बेगमकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि मान खाजवली. मी म्हणालो, ही ट्रकवर घालून न्या. तुम्ही म्हणालात, "आजवर एक होडी दुसऱ्याच्या गाडीनं गेली नाय." मग हात पुसत माझ्याजवळ आलात आणि हळू म्हणालात, "ही पोचवली की ट्रेलरला ब्रेक बसवतो. तुमच्यासाठी. झालं का समाधान?" माझं म्हणणं तुम्ही कधी मानलंत तर तेवढंच. मला किती बरं वाटलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

त्या सकाळी मी तुमच्याबरोबर नव्हतो. दुकानात शाळेची मुलं डोळे तपासायला आली होती. सत्तारभाई मोटारसायकलवर तुमच्या मागं होते. त्यांनी जे बघितलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, परत सांगणार नाहीत. "पहले धीरे हिली. मेरेकू लगा, भाऊ सम्हाल लेंगे, हमेशा सम्हालते. फिर उतार आया, तो और जोर से हिली. भाऊ ने ब्रेक मारा. फिर तो होडीच गाडी कू घुमा दी." बेगम आडवी झाली आणि तुमच्या बाजूनं पुलाच्या कठड्यावर गेली. होडी ट्रेलरसकट सुटून शेतात उतरून उभी राहिली. तिला ओरखडासुद्धा नव्हता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, कपाशीत उभी होती, पाण्यावर असावी तशी सरळ.

तुमचं सगळं झालं. तेराव्याचे पाहुणे गेले. क्रेननं होडी परत शेडमध्ये आणली. मला वाटलं, संपलं. आता ती विकू, कापू, भंगारात घालू. पण एका संध्याकाळी अक्का आमच्या घरी आल्या. सुनंदानं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाल्या, "अमोल होडी घेऊन चाललाय. त्याच गाडीनं. म्हणतोय, पप्पांचा शब्द होता. मी किती सांगितलं, ऐकत नाय. तुम्ही जा त्याच्यासंगं. मला आता दुसरं कोण हाय?"

तुमचा अमोल. वाळूजला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, लग्नाचं बघताहेत. तुमच्यासारखेच खांदे, तुमच्यासारखंच न ऐकणं. मी शेडमध्ये पोचलो तेव्हा होडी ट्रेलरवर चढलेली होती. इंजिन मागं. नांगर मागं. दोरांची वेटोळी मागं, तुम्ही घालायचात तशी, तुमच्याच गाठीनं. मी दारातच थांबलो. मला वाटलं, तुम्ही आतून बाहेर याल. अमोल पुढं आला, बाह्या सारल्या आणि दांडी एका हातानं उचलली. त्याचे डोळे भरले होते. "काका, बघा. अगदी पप्पांसारखं जमलंय."

ती पोरानं तुमची केलेली पूजा होती. मी म्हणालो, अमोल, वजन पुढं घे. तो म्हणाला, "पप्पा असंच बांधायचे." मी सत्तारभाईंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत पुटपुटले, "भाऊ हमेशा ऐसाइच बांधते थे. मैं क्या बोलूं." मी म्हणालो, मोठी क्रेन मागवू, ट्रक लावू. तो एकदम कठोर झाला. "पप्पांचं काम पप्पांच्या गाडीनं होईल, पप्पांच्या पद्धतीनं होईल. तुम्हाला भीती वाटत असेल तर नका येऊ."

मला भीती वाटत होती. मी बसलो. अक्कांना मी शब्द दिला होता. एकच अट घातली: बैलाच्या चालीनं जायचं, आणि उतार लागायच्या आधी मी सांगेन तिथं थांबायचं. तो हो म्हणाला. निघताना मी माझा आरसा फिरवला, इतका की तो मला नाही, त्याला दिसावा.

रस्ता खरंच लोण्यासारखा आहे, साडूभाऊ. दोन्ही बाजूंना ऊस, कापूस, स्वच्छ ऊन. दिवस इतका साधा होता की त्याचीच मला धास्ती वाटली. तुमच्या सकाळीही असंच असेल. पांढरं दार खडखडत होतं. सुरुवातीला अमोलनं चाल पाळली. मग मोकळा रस्ता दिसला, मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि बेगमनं थोडा वेग घेतला.

आरशात होडी आली.

हळूच आली, थोडी थांबली, गेली. अमोलनं आरशात बघितलं, मी मान वळवून. परत आली, आता जास्त आत. स्टिअरिंग त्याच्या हातात जरासं हललं, त्यानं हलवलं नसताना. त्यानं ते घट्ट धरलं. मागून काहीतरी गाडीला बोलावत होतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याचा पाय ब्रेककडे जाताना मला दिसला आणि मी ओरडलो, आयुष्यात कधी ओरडलो नाही इतक्या जोरानं, "ब्रेक नको! पाय उचल! नुसता पाय उचल!"

त्यानं उचलला. होडी आणखी एकदा आली, आणखी एकदा, मग दमल्यासारखी मागं राहिली. गाडी कडेला थांबली. समोर उतार सुरू होत होता. खाली तो पुलाचा कठडा दिसत होता, त्यावर अजून निळा रंग आहे.

अमोल स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. तसाच म्हणाला, "पप्पांना पण अशीच दिसली असेल?" मी म्हणालो, हो. प्रत्येक खेपेला. त्याला मी सगळं सांगितलं, बैलांची मान, टपरीवरचं हसणं, आपली भांडणं. तुमच्यावर रागावून सांगितलं. तुमच्या मुलासमोर तुमचं चुकलं असं स्पष्ट म्हणालो. तुम्हाला ते आवडलं नसतं. पण तो ऐकत होता, साडूभाऊ. शेवटपर्यंत ऐकत होता, मधे चहाचं न विचारता.

मग मोटारसायकलवर मागून येणारे सत्तारभाई पोचले, उसातली दोन माणसं मदतीला आली. ट्रेलरच्या पुढच्या घिरणीनं दोर ओढून होडी पुढं घेतली. इंजिन सोडून तिच्या नाकाशी बांधलं, नांगर पुढं आणला, तुमच्या गाठी एकेक करून सोडल्या. त्या सोडताना अमोल रडला. सत्तारभाईंनी तोंड फिरवलं. मग बेगम मागून खाली बसली. पाटे कुरकुरले, तोंड वर झालं, नंबरची पाटी रस्त्याजवळ गेली. अमोल तिच्याकडे बघत राहिला. "काका, बसली हो," तो म्हणाला, अगदी तुमच्या आवाजात.

"बसू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला गेला आणि ओरडलाच, "ओ, म्हातारीला झेपंना व्हय?" अमोलनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला हात दाखवून हसलो. मला खरंच हसू आलं.

आम्ही उतार उतरलो. आरसा परत माझ्याकडे फिरवून मी पूर्ण उतारभर त्यात बघत होतो, तुम्ही नको म्हणायचात तरी. रस्ता होता, झाडं होती, सत्तारभाईंची मोटारसायकल होती. होडी आली नाही. पुलाचा कठडा माझ्या बाजूनं गेला तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवायला खिडकीतून हात काढला, पण तो लांब होता.

होडी पाण्यात उतरली. मासेमारांनी नारळ फोडला, तुमचं नाव घेतलं. बेगमच्या मागून ओझं गेलं आणि ती एकदम वर आली, तुम्हाला आवडायची तशी ताठ. परत निघताना अमोलनं रिकाम्या ट्रेलरची दांडी हातात घेतली, जरा तोलली आणि विचारलं, "काका, पप्पांनी तुमचं का नाही ऐकलं?"

मी म्हणालो, त्यांना गाडीची दया यायची.

त्यानं दांडी बेगमला अडकवली. पण तुम्हाला सांगतो, साडूभाऊ, राग गेलेला नाही माझा. तुम्हाला बेगमच्या पाठीची काळजी होती. आम्हाला तुमची होती.